वजा एक यार्ड

ऑफिसात मी 'आकडेवाला' म्हणून ओळखला जातो. नोकरी डेटा विश्लेषणाची, त्यातून भारतीय, त्यातून चष्मा. त्यामुळे ऑगस्टमध्ये मॅनेजरने ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये माझं नाव परस्पर घातलं, तेव्हा बाकीच्या आठ जणांचे चेहरे पडले. वास्तविक अमेरिकन फुटबॉलबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं की, बावीस धिप्पाड माणसं पाच सेकंद एकमेकांच्या अंगावर जातात आणि मग जाहिराती लागतात.

फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली कागदी टीम. तुमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याने, २५ यार्ड चेंडू फेकला की तुम्हाला एक गुण, कोणी १० यार्ड पळालं की एक गुण, आणि टचडाउन केलं, म्हणजे चेंडू पलीकडच्या गोलरेषेपार नेला, की घसघशीत सहा. ते तिकडे बरगड्या मोडून घेतात, आपण इकडे फोनवर गुण मोजतो. हंगामाच्या शेवटी जो तळाला, त्याला शिक्षा: आठवडाभर पिट्सबर्ग स्टीलर्सची जर्सी घालून ऑफिसला यायचं. आमचं ऑफिस सिनसिनाटीत, स्टीलर्सच्या कट्टर वैऱ्यांच्या गावात. इथे स्टीलर्सची जर्सी घालणं म्हणजे सदाशिव पेठेत उभं राहून 'मुंबईची मिसळ भारी' असं ओरडणं. फरक इतकाच की पेठेत नुसतं बोलून सोडतात.

मग मी बसलो अभ्यासाला. माहितीला तोटा नाही. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवलेल्या असतात, त्या सेकंदाला दहा वेळा सांगतात की हा माणूस कुठे आहे. माझ्या बायकोला माझ्याबद्दल एवढी माहिती नाही, आणि ती म्हणते, नकोच आहे. सप्टेंबरपर्यंत माझी एक्सेलची फाइल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागू लागला.

आणि सप्टेंबरातच कुडाळहून आई आली, सहा महिन्यांसाठी.

आई बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होती. संध्याकाळी दोन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी न येणारी बाई. पहिल्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली, पडद्यावर क्वार्टरबॅकच्या नावापुढे ८७.४ असा आकडा आला आणि तिचा चष्मा नाकावर चढला. "हे काय?"

"पासर रेटिंग. पास किती चांगले टाकतो त्याचे मार्क."

"शंभरपैकी?"

"नाही. १५८.३ पैकी."

"हा कुठला बोर्ड?"

कागद-पेन्सिल घेऊन सगळं सांगावं लागलं. हे सूत्र १९७३ पासून वापरात आहे. चार विषय: शंभरातले किती पास पोहोचले, दर पासमागे किती यार्ड, किती टचडाउन, आणि किती पास विरोधकांच्या हातात गेले. प्रत्येक विषयात जास्तीत जास्त २.३७५. चारही मिळवायचे, सहाने भागायचे, शंभराने गुणायचे. आईने गुणाकार केला, १५८.३ बरोबर आले, तेव्हा कुठे तिचा अमेरिकेवर थोडा विश्वास बसला. पण तिची पेन्सिल थांबेना. "आणि एखाद्याने प्रत्येक चेंडू नुसता जमिनीवर आपटला तर? तीन विषयांत भोपळा. पण विरोधकांच्या हातात एकही गेला नाही, म्हणजे चौथ्यात पैकीच्या पैकी. २.३७५ भागिले सहा..." तिने वर पाहिलं. "३९.६. अरे, हा पास झाला! दहावीला पस्तीस लागतात."

हे १५८.३ पैकी आहेत, हा माझा युक्तिवाद तिने फेटाळला. खरं तर मलाही तो पटत नव्हता, कारण २०१७ साली नेथन पीटरमन नावाचा बफेलोचा क्वार्टरबॅक पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळायला उतरला आणि अर्ध्या सामन्यातच त्याचे पाच पास विरोधकांनी झेलले. त्याचं रेटिंग आलं १७.९. तो दिवसभर चेंडू जमिनीवर आपटत बसला असता तर दुपटीहून जास्त मार्क पडले असते.

मी म्हटलं, हे जुनं झालं, आता ईपीए बघतात. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक किंमत असते. तुम्ही चेंडू इथून तिथे नेलात तर अपेक्षित गुण किती वाढले, ते मोजायचं. याची सुरुवात करणाऱ्यांत आमच्याच सिनसिनाटी बेंगल्सचा एक क्वार्टरबॅक होता, व्हर्जिल कार्टर. १९७१ मध्ये एका प्राध्यापकाच्या जोडीने त्याने हा हिशोब मांडला आणि दाखवून दिलं की चेंडू तुमच्या ताब्यात असूनही अगदी तुमच्याच गोलरेषेपाशी असला तर त्याची किंमत शून्याच्याही खाली जाते.

"ओव्हरड्राफ्ट," आई म्हणाली.

मला हे समजायला दोन शनिवार लागले होते. मी सूड म्हणून अवघड उदाहरण दिलं: शेवटची खरी संधी आहे, चेंडू आपल्याकडे राहायला आठ यार्ड हवेत आणि गडी सातच गेला. जुन्या पद्धतीत त्याच्या नावावर सात यार्ड जमा, ईपीएत मात्र वजा. असं का? "का म्हणजे? कुडाळला निघालेल्याला कणकवलीला उतरवून दिलंत, तर एवढा प्रवास घडवला म्हणून तुमचा सत्कार करायचा?"

माझ्या क्वार्टरबॅकच्या पुढे जे पाच डोंगर उभे राहतात, ते मात्र तिला छळत राहिले. "या जाड्या पोरांचे आकडे कुठे आहेत?" नाहीत, आई. ते ना फेकत, ना झेलत. अंगावर येणाऱ्याला अडवायचं एवढंच काम, आणि त्याला फँटसीत शून्य गुण. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने तिच्या शाखेतल्या शिपायाची गोष्ट सांगितली. तिजोरीची जड दारं तोच ओढायचा. तो रजेवर गेला की बँक अकरापर्यंत उघडत नसे, पण चौतीस वर्षांत ताळेबंदात त्याचं नाव कधी आलं नाही. त्यानंतर दर रविवारी ती फक्त त्या पाच जणांकडे बघायची, आणि एखादा आडवा झाला की "लागलं काय रे त्याला?" म्हणायची. चेंडू कुठे गेला हे तिच्या गावीही नसे.

बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याच्यावर तिचा पहिल्या दिवसापासून जीव, कारण आडनाव. "नावातच बरो आसा!" तो व्यावसायिक लीगमध्ये यायच्या आधी २०२० साली इंडियानापोलिसला त्याची वीत मोजली होती, हे सांगितल्यावर तिला वाटलं मी थट्टा करतोय. नाही. तिथे दर वर्षी नव्या पोरांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच असतो. ४० यार्ड पळून दाखव, १०२ किलोची सळई छातीवरून उचल, उडी मार, हात पसर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पट्टी. बरोची वीत भरली नऊ इंच, म्हणजे लहान, आणि त्यावर चर्चा झडल्या. आता निवृत्तीचाच विचार करतो, असं त्याने स्वतःच ट्विटरवर लिहून टाकलं होतं. टॉम ब्रेडी तर २००० साली तेच ४० यार्ड ५.२८ सेकंदांत रखडत धावला आणि १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे सात सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकला. आणि २०२४ च्या हंगामात याच नऊ इंची बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन पास असे लीगमधले सर्वाधिक आकडे काढले, तरी बेंगल्स प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचलेच नाहीत. या वाक्यानंतर सिनसिनाटीत कोणी काही बोलत नाही.

तर, डिसेंबर. माझी फाइल नऊ एमबीची आणि माझी टीम खालून दुसरी. खालून पहिली होती पेरोलमधली एक बाई. ती ऑक्टोबरपासून बाळंतपणाच्या रजेवर होती आणि ॲप तिने उघडलंही नव्हतं. तिच्या टीममध्ये एक जण प्लास्टरमध्ये होता. शेवटच्या आठवड्यात सामना आमचा दोघांचाच. हरेल तो तळाला.

सोमवारी रात्री साडेअकराला मी ०.२ ने पुढे होतो. तिचे सगळे खेळून झालेले, माझा फक्त क्वार्टरबॅक मैदानात. त्याची टीम सात गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे, दोन मिनिटांहून कमी वेळ, घड्याळ थांबवायला विरोधकांकडे टाइमआउट नाही. मी आईला झोपेतून उठवलं. "जिंकलो!"

माझ्या क्वार्टरबॅकने चेंडू घेतला आणि शांतपणे गुडघा टेकला. सगळे टाळ्या वाजवू लागले. "अरे, हा हरला की काय? गुडघे टेकले त्याने," आई घाबरून म्हणाली. मी समजावलं, इथे उलटं आहे. इथे जिंकणारा गुडघा टेकतो, वेळ काढायला. दुसऱ्यांदा टेकला. तिसऱ्यांदा टेकला. प्रेक्षक नाचत होते.

आई माझ्या फोनकडे बघत होती. "एक पाऊल मागे जाऊन बसतो तो. म्हणजे वजा एक यार्ड. दहा यार्डांना एक गुण, तर एका यार्डाला ०.१. तीनदा बसला." तिने बोटं मोजायचीही गरज नव्हती. "वजा ०.३. तू ०.१ ने गेलास."

मी तीनदा ताजं करून बघितलं. हिशोब पैशाला जुळत होता.

पुढच्या सोमवारी सकाळी मी जर्सी घालून जिन्यावरून उतरलो. काळी, त्यावर पिवळ्या पट्ट्या. आई डायनिंग टेबलाशी चहा घेत होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कप खाली ठेवला, आणि हात बाहेर काढून विचारलं,

"दादरला येणार?"