माझ्या सीडीवरची गाणी माझ्याच कॉम्प्युटरवरून गेली

खोकला ऐकू आला नाही, तिथे मी सावध झाले.

माझ्याकडच्या एका मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसरं गाणं सुरू होण्याआधी श्रोत्यांतलं कोणीतरी खोकतं, गायिका हलकंसं हसते, आणि मग वाद्यं सुरू होतात. कितीतरी वर्षं ऐकतेय मी ते. तो खोकला माझ्यासाठी गाण्याचाच भाग झालाय. गेल्या महिन्यात रात्री सगळी निजानीज झाल्यावर हेडफोन लावून ते गाणं लावलं, तर खोकला नाही, हसणं नाही, थेट वाद्यं सुरू. गायिका तीच, गाणं तेच, पडद्यावर अल्बमचं नाव आणि चित्रही तेच. पण हे स्टुडिओतलं रेकॉर्डिंग होतं. मैफलीत ती एका ओळीवर रेंगाळते, ती ओळ तीन वेगळ्या अंगांनी म्हणते. इथे एकदाच म्हटली आणि पुढे गेली. साडेसात मिनिटांचं गाणं पाच मिनिटांच्या आत संपलं. शेवटी टाळ्याही नाहीत.

मी उठून दिवा लावला आणि गाण्यांचं फोल्डर उघडलं.

माझ्या जवळपास 340 सीडी मी एकेक करून कॉम्प्युटरवर कॉपी केल्या होत्या. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी दुसरं काही केलं नाही. सीडी पुसायची, ड्राइव्हमध्ये घालायची, पाच-सात मिनिटं थांबायचं, मग नावं तपासायची, चुकलेली दुरुस्त करायची, कव्हर स्कॅन करून जोडायचं. चार हजारांवर गाणी झाली होती. त्या रात्री आणि पुढचे चार दिवस मी ती मोजली. 611 गाण्यांची मूळ फाईल जागेवर नव्हती.

सगळी एकाच तऱ्हेने गेलेली नव्हती. काहींच्या जागी दुसरंच रेकॉर्डिंग येऊन बसलं होतं. काहींचं नाव यादीत होतं, पण करड्या अक्षरांत, आणि क्लिक केलं की काहीच वाजत नव्हतं. उरलेल्यांचं तर यादीत नावसुद्धा नव्हतं. ती सापडली क्रमांकांवरून. एखादा अल्बम उघडावा आणि त्यात एक, दोन, चार, पाच, सात एवढीच गाणी असावीत. तीन आणि सहा कुठे गेली? गेली ती गेली, आणि जाताना सॉफ्टवेअरने मला एक ओळसुद्धा लिहून सांगितलं नाही.

हे कसं झालं ते मी नंतर बसून उलगडलं. इथे सविस्तर लिहितेय, कारण ज्यांच्याकडे अशी जुनी कॉपी केलेली गाणी आहेत त्यांच्यावर हीच वेळ येऊ शकते.

फोन बदलला तेव्हा मी ज्यात गाणी ऐकते त्या म्युझिक ॲपने विचारलं, तुमची सगळी गाणी सगळ्या डिव्हाइसवर हवीत का? मी हो म्हटलं. कोणीही म्हणेल. त्या "हो"चा अर्थ काय होता ते आता कळलंय. असं ॲप तुमच्या गाण्यांची यादी आपल्या सर्व्हरवर पाठवतं आणि प्रत्येक गाणं कंपनीच्या संग्रहात आधीच आहे का ते बघतं. असेल तर तुमची फाईल चढवायचे कष्ट घेत नाही, सरळ संग्रहातली प्रत तुमच्या नावावर लावतं. नसेल तरच तुमची फाईल अपलोड करतं. इथपर्यंत ठीक. पण जुळणी जर नावावरून होत असेल, तर गायिका तीच, गाणं तेच, म्हणून मैफल आणि स्टुडिओ एकच ठरतात. आवाजाचा ठसा घेऊन जुळवलं तर चूक कमी होते, पण जुनं आणि नव्याने मास्टर केलेलं, म्हणजे आवाजाची पातळी आणि पोत पुन्हा बसवून काढलेलं, रेकॉर्डिंग एकच समजलं जाण्याचा धोका राहतोच.

आणि नावांवर तर मुळीच विसंबू नये. पुष्कळांना माहीत नसतं की बहुतेक म्युझिक सीडींवर गाण्यांची नावं नसतातच. सीडी 1982 साली बाजारात आली तेव्हा तिच्यावर आवाज आणि गाणी कुठे सुरू होतात त्या वेळा, एवढंच मुख्यतः होतं. नावं लिहायची सोय 1996 मध्ये आली आणि तीही सगळ्यांनी वापरली नाही. मग सीडी घातल्यावर पडद्यावर नावं उमटतात ती कुठून? सॉफ्टवेअर गाणी सुरू होण्याच्या वेळांवरून त्या सीडीची एक ओळख तयार करतं आणि इंटरनेटवरच्या यादीत ती शोधतं. अशी पहिली मोठी यादी, सीडीडीबी, 1993 मध्ये सुरू झाली आणि ती तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनी हाताने नावं टाइप करून भरली. कोणा अनोळखी माणसाने आपल्या घरी बसून माझ्यासाठी नावं लिहून ठेवली, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय. पण माणसांनी लिहिलेली नावं ती. कुठे अल्बमचं नाव अर्धवट, कुठे "लाइव्ह" हा शब्द राहून गेलेला. शिवाय जुन्या एमपीथ्री फायलींत नावासाठी जागाच मुळी 30 बाइट्सची, आणि तीही रोमन अक्षरं गृहीत धरून. देवनागरीत लिहिलेली नावं तिथे प्रश्नचिन्हं होऊन बसायची. असल्या नावांवर भरवसा ठेवून कोणी फाईल बदलत असेल, तर तो फार मोठा निष्काळजीपणा आहे.

यानंतर घडलं ते आणखी वाईट. ॲपमध्ये "जागा वाचवा" असा एक पर्याय होता. क्लाउडवर जे आहे ते तुमच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकायचं आणि लागेल तेव्हा उतरवून घ्यायचं. माझ्या ज्या फायली त्यांच्या संग्रहात सापडल्या नव्हत्या, त्यांचं अपलोड मधेच अडकलं होतं. यादीत त्यांच्यापुढे "प्रतीक्षेत" असं लिहिलेलं होतं. म्हणजे तिकडे पोचल्या नाहीत आणि इकडून निघाल्या. ज्या सीडी दुर्मिळ, ज्यांच्या थोड्याच प्रती निघाल्या, नेमकं त्यांचंच नुकसान सगळ्यात जास्त झालं.

दुसरा कॉम्प्युटर आहे ना, त्यावर असतील, असं मला वाटलं. तो उघडला, इंटरनेट जोडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिथली नावंही एकामागून एक पुसली गेली. सिंकचं कामच ते. एका ठिकाणी जे झालं ते दुसऱ्या ठिकाणीही व्हावं, मग ते पुसणं का असेना. मी इतकी वर्षं सिंकला बॅकअप समजत होते. बॅकअप म्हणजे जी प्रत पहिल्या प्रतीचं ऐकत नाही ती. आधी इंटरनेटची वायर काढून मग कॉम्प्युटर सुरू केला असता तर निदान तीनशे गाणी वाचली असती. हे मला अजून झोपताना आठवतं.

कंपनीला तीनदा लिहिलं. तिसऱ्या उत्तरात त्यांनी लिहिलं की तुमची बरीचशी गाणी आमच्या संग्रहात उपलब्ध आहेत, ती तुम्ही केव्हाही ऐकू शकता.

त्या वाक्याचा मला अतिशय राग आला. अजून आहे. कारण अडचण सगळी त्याच समजुतीत आहे. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे यादीतली एक ओळ: शीर्षक, कलाकार, कालावधी. ती ओळ वाजली म्हणजे गाणं मिळालं. माझ्या लेखी गाणं म्हणजे अमुक दिवशी, अमुक जागी, त्या माणसांनी केलेलं ते एक रेकॉर्डिंग, त्यातल्या खोकल्यासकट. तेच गाणं त्याच गायिकेने दुसऱ्या दिवशी गायलं तर ते वेगळं असतं, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं. एवढंच काय, तेच रेकॉर्डिंग पुन्हा मास्टर करून जास्त मोठ्या आवाजात काढलं, तर हळू आणि मोठ्या जागांमधलं अंतर कमी होतं. पूर्वी जिथे कान टवकारून ऐकावं लागायचं तिथे आता सगळं सारखंच अंगावर येतं. कोणाला ते आवडत असेल, त्याने ते घ्यावं. पण माझं काढून ते माझ्या ताटात वाढायचं आणि वर "तेच तर आहे" म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आजकाल सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं, सीडी कशाला जपायच्या, असं मला माझ्याच घरातली तरुण मंडळी सांगतात. मी स्ट्रीमिंग वापरते. नवं ऐकायला त्यासारखी सोय नाही. पण तिथलं गाणं परवान्यावर असतं. कंपनीचा आणि हक्कधारकाचा करार संपला की ते एका रात्रीत करडं होतं. आणि जी सेवा आपली गाणी सांभाळायला घेते, ती स्वतः तरी किती टिकते? गूगल प्ले म्युझिकवर माणसं आपली 50,000 पर्यंत गाणी चढवू शकत होती, ती सेवा 2020 च्या अखेरीस बंद झाली. त्यांनी निदान आधी सांगितलं, गाणी हलवायला वेळ दिला. मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटने 2019 मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना 2016 च्या आधी लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं असावं. लाखो कलाकारांची कोट्यवधी गाणी होती ती. त्यातल्या कित्येकांची दुसरी प्रतच नसेल. इतक्या मोठ्या जागी असं होतं, तर माझ्या 611 गाण्यांची काय कथा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. जी फाईल तुम्ही मला दिलेली नाही, तिला मला विचारल्याशिवाय हात लावू नका. बदलायची असेल तर आधी यादी दाखवा, कोणत्या गाण्याच्या जागी कोणतं येणार ते कालावधीसकट लिहा. अडीच मिनिटांचा फरक दिसला असता तर मी तिथेच "नको" म्हटलं असतं. जुनी फाईल महिनाभर बाजूच्या फोल्डरमध्ये राहू द्या. "यादीतून काढा" आणि "कॉम्प्युटरवरून पुसा" ही दोन बटणं एकमेकांना चिकटवून ठेवू नका. आणि अपलोड पूर्ण होऊन तपासलं गेल्याशिवाय इथली प्रत काढायची, ही तर साधी चूक आहे. पावती हातात आल्याशिवाय पार्सल पोचलं असं कोणी धरत नाही.

आता मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय. सुदैवाने बहुतेक सीडी माझ्याकडे अजून आहेत. पन्नासेक मी "कॉम्प्युटरवर आहेत की" म्हणून देऊन टाकल्या होत्या, त्या परत मागतेय. माझं ऐका, देऊ नका. या वेळी एमपीथ्री नाही, फ्लॅक. सीडीवर आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजून, प्रत्येक माप 16 बिटांत लिहिलेला असतो, मिनिटाला साधारण 10 एमबी. फ्लॅक त्यातला एकही आकडा न टाकता तो निम्म्याच्या किंवा थोड्या जास्त जागेत बसवतं. पहिल्यांदा कॉपी केलं तेव्हा हार्ड डिस्क लहान होत्या, म्हणून मी आवाज छाटून ठेवला होता. मैफलीच्या सीडीत एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना टाळ्या सलग वाहतात, तिथे एमपीथ्रीमध्ये बारीकसा खड्डा पडायचा. आता पडत नाही. एवढं एक या सगळ्यातून बरं झालं.

फायली आता त्या ॲपच्या फोल्डरमध्ये नाहीत. वेगळ्या डिस्कवर आहेत, दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर, जी कॉपी झाली की मी उपसून कपाटात ठेवते, आणि तिसरी बहिणीच्या घरी. ॲपला ऐकण्यापुरती एक वेगळी प्रत दिली आहे. तिचं त्याने काहीही करावं.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी, हाताने शिकलेल्या. सीडी पुसताना गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे सरळ पुसा. ड्राइव्ह अडीच मिलिमीटरपर्यंतची तुटक जागा गणिताने पूर्ण भरून काढू शकतो, पण चरा गाण्याच्या रेषेच्याच दिशेने, म्हणजे गोल गेला असेल तर सलग खूप माहिती एकदम जाते आणि त्याचा इलाज चालत नाही. आणि चकाकती बाजू जपताना छापील बाजूकडे दुर्लक्ष होतं. खरं तर माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. चकाकत्या बाजूला निदान 1.2 मिलिमीटर प्लॅस्टिकचं संरक्षण आहे. घरी राइट केलेल्या सीडी सगळ्यात आधी कॉपी करा. त्यांतला रंगाचा थर उन्हाने, उजेडाने उडतो.

माझ्या आत्याची सीडी अशीच घरी राइट केलेली होती. आत्या फार सुंदर गायची. व्यासपीठावर कधी गेली नाही, पण तिच्या साठाव्या वाढदिवसाला आम्ही हट्टाने तिची आठ गाणी रेकॉर्ड केली आणि त्याच्या मोजक्या सीडी करून घरात वाटल्या. तिचा आवाज एवढाच मागे राहिलाय. 611 मध्ये ती आठही होती, आणि माझी सीडी कुठल्याशा घर बदलण्यात हरवलेली. कंपनीच्या संग्रहात ती मिळणार नाही, हे सांगायला नकोच.

मागच्या आठवड्यात चुलतभावाकडे एक प्रत निघाली. पुस्तकांमागे, उजेड लागला नाही अशा जागी होती. ड्राइव्ह पाऊण तास कुरकुरत होता, तेवढ्या वेळात मी खोलीबाहेर गेले नाही. सात गाणी नीट उतरली. आठवं 3 मिनिटं 40 सेकंदांपर्यंत येतं आणि अडकतं. चार वेळा करून पाहिलं, त्याच जागी. ड्राइव्हगणिक वाचण्याची ताकद वेगळी असते, म्हणून एका मैत्रिणीकडून तिचा जुना ड्राइव्ह मागवलाय. उद्या येईल.