सौर पंपाचा एचपी सातबारा का ठरवतो?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाची क्षमता एका साध्या तक्त्यावर ठरते. अडीच एकरापर्यंत जमीन असेल तर 3 एचपी, अडीच ते पाच एकर असेल तर 5 एचपी, पाचच्या वर 7.5 एचपी. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी केंद्र आणि राज्य. योजना चांगली आहे, आधीच सांगून टाकतो. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जाण्यापेक्षा दिवसा मिळणारं पाणी शंभर पटीने बरं. माझी तक्रार त्या तक्त्याबद्दल आहे. त्यात जमिनीचं क्षेत्र आहे, पण विहीर किती खोल, मे महिन्यात पाणी कुठे, झरा किती, याला रकानाच नाही.

मोटर एकर उचलत नाही, पाणी उचलते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला 0.27 युनिट लागतं, ते शेत अर्ध्या एकराचं असो की दहा एकरांचं. पंप, मोटर, केबल आणि कंट्रोलरमधली घट धरली तर प्लेटांनी तयार केलेल्या विजेपैकी साधारण 45 टक्केच पाण्याला लागते. 3 एचपीला 3000 वॉटच्या प्लेटा मिळतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यातून 14-15 युनिट येतात, म्हणजे पाण्याच्या कामाला साडेसहा. आता हिशेब करा. 30 मीटरवरून दिवसाला सुमारे 80 हजार लिटर, 60 मीटरवरून 40 हजार, 90 मीटरवरून 26 हजार. पंप तोच, प्लेटा त्याच, ऊनही तेच.

उन्हाळ्यात ठिबकवर एकरी रोज 25 ते 30 हजार लिटर धरावे लागतात. म्हणजे अडीच एकरवाल्याचं पाणी तीनशे फुटांच्या बोअरमध्ये असेल, तर 3 एचपीत त्याचं एकच एकर भिजतं. दुसरीकडे सहा एकरवाल्याला 7.5 एचपी आणि 6750 वॉट मिळतात. त्याच्या विहिरीचा झरा दिवसाला 45 हजार लिटरचा असेल आणि पाणी तीस मीटरवर असेल, तर हा पंप दोन तासांच्या आत विहिरीचा तळ दाखवतो. मग कंट्रोलरवर ‘ड्राय रन’ (पाणी संपलं म्हणून मोटर आपोआप बंद) आणि दुपारभर प्लेटा ऊन खात उभ्या. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त, आणि दोघांचेही कागद अगदी नियमात.

योजनेच्या अटींमध्ये एक ओळ आहे जी फार कुणी वाचत नाही: पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागितला तर तो देता येतो. उलट दिशेने मात्र रस्ता बंद. आणि खाली उतरण्याची मुभाही कोण वापरतो? अनुदान मिळतंय म्हटल्यावर मोठाच घ्यावा, असा सगळ्यांचा सल्ला. एजन्सीलाही मोठाच बरा.

आता हेडबद्दल, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावं लागतं त्याबद्दल. बहुतेक भांडणं एचपीवरून होतात आणि बहुतेक पंप चुकतात हेडवरून. 3 एचपीमध्येही 30, 50, 70, 100 मीटर असे वेगवेगळे पंप येतात. फरक स्टेजचा, म्हणजे पंपात एकावर एक बसवलेल्या पंख्यांच्या संख्येचा. स्टेज जास्त असतील तर पाणी उंच जातं पण कमी येतं. आपल्याला कोणता हवा, हे चार आकड्यांच्या बेरजेवर ठरतं. पाण्याची पातळी (मे महिन्यातली, ऑगस्टमधली नव्हे), तिथून शेताच्या सर्वांत उंच कोपऱ्यापर्यंतचा चढ, पाइपातलं घर्षण, आणि ठिबक असेल तर फिल्टरसह लागणारा दाब. उदाहरण घ्या. पातळी 35 मीटर, चढ 5 मीटर, 63 मिमीचा तीनशे मीटर पाइप आणि सेकंदाला अडीच लिटर पाणी असेल तर घर्षणाचे 7 मीटर, ठिबकचे 15. बेरीज 62. या ठिकाणी 50 मीटरचा पंप बसवला तर पाटाने पाणी येईल (47 मीटर, जेमतेम), पण ठिबकच्या शेवटच्या नळीला थेंब नाही. पैसे वाचवायला कुणी 50 मिमीचा पाइप टाकला, तर तेवढंच पाणी न्यायला घर्षण 7 वरून 20 मीटरच्या पुढे जातं. मग दोष सूर्याला.

शिवाय सौर पंप दिवसभर एका वेगाने फिरत नाही. ऊन कमी असताना कंट्रोलर मोटरची फ्रिक्वेन्सी खाली आणतो. वेग 50 हर्ट्‌झवरून 35 वर आला की पाणी चढवण्याची ताकद निम्मी होते, कारण हेड वेगाच्या वर्गाने घटतं. म्हणजे 70 मीटरचा पंप सकाळी नऊच्या उन्हात ढोबळमानाने 35 मीटरच चढवतो. ‘मोटर फिरतेय पण पाणी येत नाही’ अशी तक्रार बहुधा इथली असते. पंप बिघडलेला नसतो. हेड काठावर निवडलेलं असतं, त्यामुळे पाणी अकरा ते तीनच येतं. लागणाऱ्या हेडच्या वर पंधरा-वीस टक्के सवड ठेवली तर हेच पाणी साडेनऊ ते चारपर्यंत मिळू शकतं. त्याहून फार जास्त घेऊ नका, नाहीतर दुपारचा लोंढा घटतो.

हे सगळं जॉइंट सर्व्हेत ठरायला हवं. क्रम असा: ऑनलाइन अर्ज, सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद, सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र, डार्क झोन (भूजलाचा उपसा फार झालेला भाग) असेल तर भूजल खात्याचा दाखला, मग पैसे भरणं, यादीतून एजन्सी निवडणं, आणि त्यानंतर महावितरण, एजन्सी आणि शेतकरी यांची एकत्र पाहणी. म्हणजे एचपी आधी ठरतो, विहिरीत डोकावणं नंतर. आणि डोकावणं कधी होईल ते फाइल कधी हलेल त्यावर. पावसाळा संपता संपता पाहणी झाली तर पाणी काठापासून पंधरा फुटांवर दिसतं. तेच पाणी मे महिन्यात साठ फुटांवर जातं. फॉर्मवर मात्र पंधराच फूट कायमचे नोंदले जातात.

योजनेत ‘शाश्वत जलस्रोताची खात्री’ महावितरणने करायची आहे. वीज कंपनीचा अभियंता भूजलाची खात्री करणार! त्याच्याकडे ना तो विषय, ना तेवढा वेळ. ज्यांचा हा विषय आहे ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून काम करते आहे. राज्यभरातल्या जवळपास चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. पण ती पाणीपुरवठा व स्वच्छता विभागात. महावितरण आणि महाऊर्जा (अपारंपरिक ऊर्जेची सरकारी संस्था) ऊर्जा विभागात. त्या विभागाच्या पूर्ण नावात उद्योग, ऊर्जा, कामगार आणि खनिकर्म एवढं सगळं आहे, म्हणजे जमिनीखालचा कोळसाही त्याच छपराखाली. जमिनीखालचं पाणी तेवढं दुसरीकडे. मृद व जलसंधारण आणखी तिसरीकडे. महावितरण आणि भूजल यंत्रणेची भेट होते ती डार्क झोनच्या दाखल्यापुरती, तीही शिक्का म्हणून.

अटल भूजल योजनेत राज्याच्या 13 जिल्ह्यांतल्या गावांनी पाण्याचे ताळेबंद मांडले. पाऊस किती, मुरलं किती, पिकांना लागलं किती, तूट किती. तूट असलेल्या गावात नवा 7.5 एचपी मंजूर करताना तो ताळेबंद कुणी उघडून पाहतो का? अर्जात तशी जागाच नाही.

राज्याचा सुमारे 82 टक्के भाग बेसॉल्टचा. या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं. एका बांधावर भरपूर, दुसऱ्या बांधावर कोरडं. पंजाबसारखा खोल गाळाचा प्रदेश असता तर एकरावरून पंप ठरवणं एकवेळ चाललंही असतं. इथे नाही चालत. भूजल कायदाही (2009 चा) साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. प्रत्यक्षात तीनशे-चारशे फुटांची बोअर आता नेहमीची झाली आहेत. साठ मीटर म्हणजे 197 फूट, एवढं लक्षात घ्या.

सौर पंप आला की भूजल संपेल, असा एक ओरडा आहे. मला तो अर्धाच पटतो. सूर्य मावळला की पंप थांबतो, ही मोठी मर्यादा आहे. ऑटो स्विच लावून रात्रभर चालणाऱ्या फुकट विजेच्या मोटरला ती नाही. राज्यात सुमारे 44 लाख शेतकऱ्यांना साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत आहे, तेव्हा उपशाचा सगळा दोष सौर पंपावर टाकण्यात अर्थ नाही. पण जिथे प्लेटा झऱ्यापेक्षा मोठ्या आहेत तिथे शेतकरी पुढे काय करतो? विहिरीत आडवे बोअर मारतो, नाहीतर शेजारी उभं बोअर घेतो. पंप दिवसभर चालावा म्हणून पाणी शोधलं जातं.

म्हणून सांगतो, पैसे भरण्याआधी झरा मोजा. त्याला तज्ज्ञ लागत नाही. विहिरीचा व्यास मोजा. गोल विहीर सहा मीटर (वीस फूट) रुंद असेल तर दर दहा सेंटीमीटर पाण्यामागे 2,830 लिटर होतात. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी मोटर लावून पाणी खाली घ्या, बंद करा, दोरीला खूण करा. बारा तासांनी पुन्हा मोजा. दीड मीटर वाढलं असेल तर रात्रीत सुमारे 42 हजार लिटर आले. विहीर भरत येते तसा झरा मंदावतो, त्यामुळे पहिल्या दोन तासांच्या वाढीला बाराने गुणून दिवसाचं पाणी काढू नका. त्यात हमखास फसगत. बोअरला दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरतं, पण मोटर सलग चार-पाच तास चालल्यानंतर मोजा. चार मिनिटांत ड्रम भरला तर ताशी तीन हजार लिटर. सुरुवातीच्या अर्ध्या तासाचं पाणी हे बोअरमध्ये साठलेलं पाणी असतं, झऱ्याचं नव्हे.

हा आकडा आणि हेडची बेरीज कागदावर लिहून पाहणीच्या दिवशी फॉर्मवर चढवायला लावा. ‘मे महिन्यातली पातळी’ असे शब्द घालूनच. सही त्यानंतर.

बसवताना काय बघायचं तेही थोडक्यात. प्लेटांचं तोंड दक्षिणेला, कल आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे 16 ते 21 अंशांच्या आसपास. एका रांगेतल्या प्लेटा एकाला एक जोडलेल्या असतात, त्यामुळे बाभळीच्या एका फांदीची सावली एका प्लेटवर पडली तरी सगळी रांग ढेपाळते. झाड आत्ता नाही, डिसेंबरमध्ये सावली कुठे टाकेल ते बघा. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. पाया भरताना समोर उभे राहा, वळवाच्या वाऱ्यात आडवी होणारी स्ट्रक्चर बहुधा उथळ पायाची असतात. अर्थिंग आणि वीजरोधक दोन्ही वेगवेगळे हवेत. उघड्या विहिरीत बोअरची सबमर्सिबल सोडत असतील तर मोटरवर कूलिंग स्लीव्ह (मोटरभोवती बसणारी नळी) मागा, नाहीतर मोटरच्या अंगावरून पाणी वाहत नाही आणि ती तापते. प्लेटा पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरच्या क्षारट पाण्याने धुतलं तर पुसून घ्या, नाहीतर पांढरा थर बसतो. आणि कंट्रोलर बंद केला म्हणजे वीज गेली असं समजू नका. ऊन आहे तोवर प्लेटांच्या वायरीत कित्येकशे व्होल्टचा डीसी असतो. जोडण्या स्वतः उघडू नका.

ड्राय रनचं संरक्षण बंद करून देणारे मेकॅनिक गावोगाव आहेत. ‘सारखी ट्रिप होतेय, काढून टाकतो.’ नका काढू. सबमर्सिबलच्या बुशला पाण्याचंच वंगण असतं, कोरडी फिरली की आधी बुश जातात, मग सील, मग वाइंडिंग. आणि पाच वर्षांच्या देखभालीच्या करारातून एजन्सी ‘छेडछाड’ म्हणून अंग काढून घेते.

खरं तर त्या ट्रिपमध्येच ऊर्जा विभागाच्या हाती एक फुकटचं घबाड आहे. या पंपांना दूरून नोंद घेणारी यंत्रणा असते. कंट्रोलरमधल्या सिमवरून पंप किती तास चालला, किती वीज झाली हे सर्व्हरवर जातं. ड्राय रनची तारीखही जाऊ शकते. एखाद्या पाणलोटातले पंप गेल्या वर्षी 20 एप्रिलला कोरडे पडत होते आणि यंदा मार्चमध्येच पडू लागले, हे कळायला निरीक्षण विहिरीवर माणूस पाठवायला नको. चार हजार विहिरींची वर्षातून चार मोजमापं एका बाजूला आणि लाखो पंपांची रोजची नोंद दुसऱ्या बाजूला. त्या नोंदीतला पाण्याचा आकडा अंदाजाचा असतो, काही ठिकाणी रेंज नसते, काही सिम बंद पडलेली असतात, हे मान्य. तरी कोरडं पडण्याची तारीख खोटी बोलत नाही.

हा डेटा पाणलोटनिहाय करून दर महिन्याला भूजल यंत्रणेला द्यावा, शेतकऱ्याचं नाव-गट क्रमांक वगळून. आणि अर्जात सातबाऱ्याशेजारी विहिरीचा एक तक्ता जोडावा: खोली, व्यास, मे महिन्यातली पातळी, बारा तासांची भर. 3, 5, 7.5 हे आकडे त्यावरून ठरू देत. खोल पाणी असलेल्या अडीच एकरवाल्याला 5 एचपी मिळू दे आणि झरा बारीक असलेल्या सहा एकरवाल्याला 3. तेवढ्याच प्लेटांत जास्त रान भिजेल, नवा पैसा न घालता. यासाठी एक शासन निर्णय आणि दोन विभागांच्या सह्या लागतात.