तिमाहीतली सहामाही

आमच्याकडे यंदा, म्हणजे २०२३ साली, बारावी आहे. खरं तर बारावीला सई आहे, पण तसं कुणी म्हणत नाही. गणपती बसतात, लग्न निघतं, तशी घरात बारावी येते आणि वर्षभर सगळ्यांना पुरते. जूनमध्ये केबल गेली, जुलैत पाहुणे बंद झाले आणि सप्टेंबरअखेर सईने आपला फोन स्वतःच्या हाताने कपाटात ठेवून किल्ली आईच्या हवाली केली. मला भरून आलं. ते अर्धा तास टिकलं. मग फुलस्केपचा एक कागद माझ्यासमोर आला.

"बाबा, ॲनिमेचा ऑक्टोबरचा सीझन सुरू होतोय. मी परीक्षेनंतर बघणार. पण त्यातलं काय बघायचं हे कुणीतरी आधी बघून ठेवायला नको? तू बघ. दर रविवारी जेवताना रिपोर्ट. आणि स्पॉयलर दिलास, पुढचं आधीच फोडलंस ना, तर फिजिक्सला मी..."

पुढचं तिने सांगितलं नाही. बारावीच्या मुलांना वाक्यं पूर्ण करावी लागत नाहीत.

ॲनिमेशी, म्हणजे जपानी कार्टून मालिकांशी, माझा संबंध दूरदर्शनवर मोगली बघण्यापुरता. तो जपानमध्ये तयार झाला होता हेसुद्धा मला सईकडूनच कळलं, आणि आपलं बालपण आयात केलेलं निघालं म्हणून मी दोन दिवस जरा गप्पच होतो.

तर जपानात नव्या मालिका वर्षातून चारदा येतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. अशा तीन महिन्यांच्या टप्प्याला कूर म्हणतात. एका कूरमध्ये बारा-तेरा एपिसोड, आठवड्याला एक. एवढं सांगून सईने विचारलं, "कळलं ना?" मी बँकेत २३ वर्षं काढली आहेत आणि ही मला तिमाही शिकवत होती!

नियम एकच. कोणत्याही मालिकेचे तीन एपिसोड बघायचे आणि मग ठेवायची की सोडायची ते ठरवायचं. आपण गाडीवर द्राक्षं घेताना मणी तोंडात टाकून बघतो तसं. इथला मणी चोवीस मिनिटांचा, आणि गाडीवर डझनांनी घड. शिवाय गाडीवाला रात्री येतो. तिकडे मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाची वेळ सरळ 'पंचवीस वाजता' अशी छापतात. म्हणजे रात्रीचा एक, पण दिवस आदलाच. हे वाचल्यावर मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. कॅश टॅली झाल्याशिवाय आमचाही दिवस संपत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तर तो संपतच नव्हता, कारण दोन हजारांच्या नोटा बँकेत द्यायची मुदत वाढवून ७ तारीख केली होती आणि अख्खं नाशिक गादीखालच्या नोटा घेऊन माझ्या काउंटरवर उभं होतं. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. ती वजाबाकी करत मी रात्री नऊला घरी यायचो आणि जेवणाचं ताट मांडीवर घेऊन कामाला बसायचो.

नावं लक्षात राहीनात म्हणून वही घातली. बायकोने मला पहिल्या आठवड्यात वहीत काही लिहिताना पाहिलं आणि 'ऑफिसचं काम घरी आणतो बिचारा' म्हणून न मागता चहा दिला. पाचव्या दिवशी तिने वही उघडली. पहिली नोंद अशी होती: 'फ्रीरेन. स्त्री. वय हजाराच्या वर. व्यवसाय जादू. जवळचे नातेवाईक नाहीत. शिष्या एक.' तेव्हापासून चहा मागून मिळतो.

आता नोव्हेंबर सरत आलाय. म्हणजे सीझनची सहामाही झाली. सईला दिलेले रिपोर्ट अर्धे गाळीव होते, म्हणून पूर्ण अहवाल इथे देतो. यातली एखादी मालिका बघत असाल तर पुढे जपून वाचा.

फ्रीरेनपासून सुरू करतो, कारण नियम पहिल्याच रात्री तिने मोडला. २९ सप्टेंबरला तिकडे चार एपिसोड एकाच बैठकीत दाखवले, एरवी जिथे सिनेमे लागतात त्या जागी. तीनवर थांबायला जागाच ठेवली नाही. गोष्ट सुरू होते ती संपल्यावर. राक्षसांचा राजा मेलेला आहे, वीरांची टोळी दहा वर्षांनी घरी आली आहे, आणि आपली ही एल्फबाई म्हणते, बरंय, पन्नास वर्षांनी भेटू. पन्नास वर्षांनी खरंच येते, तर नायक म्हातारा झालेला. मग तो वारतो. तिच्या लेखी ती दहा वर्षं म्हणजे आयुष्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही, आणि त्याच्या तिरडीपाशी उभं राहिल्यावर तिला कळतं की आपण या माणसाला ओळखतच नव्हतो. मी ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रविवारी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "नायक पहिल्याच एपिसोडला जातो गं." भात कालवणारा सईचा हात थांबला. मग तिने निवाडा दिला, की पहिल्या एपिसोडमधलं मरण स्पॉयलरमध्ये धरत नाहीत, ती प्रस्तावना असते.

ही बाई प्रवासभर मंत्र गोळा करते, आणि तेही बिनकामाचे. त्यातला एक मंत्र गोड द्राक्षं आंबट करण्याचा. नाशकात बसून हे ऐकायचं! निफाडच्या माझ्या एखाद्या कर्जदाराच्या कानावर हे गेलं तर तो खातं बंद करून निघून जाईल. सकाळी ती वेळेवर उठत नाही, शिष्या तिला उठवते, आवरून देते. आमच्या घरी सध्या हीच पद्धत आहे, फक्त उठवणारी पहाटे पाचला गणितं सोडवत असते आणि उठणारा मी असतो.

शिवाय नोव्हेंबर म्हणजे बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. सकाळी दहापासून पेन्शनर आजी-आजोबांची रांग. मशीनवर अंगठा उमटत नाही, मी त्यांचा अंगठा रुमालाने पुसतो, पुन्हा दाबतो, पुन्हा उमटत नाही. त्या रांगेत उभ्या असलेल्या एका आजींकडे बघताना मला वाटलं, फ्रीरेन इथे खातेदार असती तर नोव्हेंबरमागून नोव्हेंबर, हजार वेळा येऊन 'मी आहे' एवढंच सांगून गेली असती, आणि काउंटरवर दर खेपेला नवा माणूस असता. आजी म्हणाल्या, "साहेब, कुठे बघताय? मी इकडे."

धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबरला, मात्र कमाल झाली. आम्ही सराफाकडून अर्ध्या ग्रॅमचं नाणं घेऊन आलो, ते देवापुढे ठेवलं आणि मी एपिसोड लावला, तर तिथेही तराजू. आउरा नावाची राक्षसीण दोघांचे आत्मे पारड्यांत टाकते. ज्याची जादू वजनदार, तो दुसऱ्याला गुलाम करतो. पाचशे वर्षं जगलेली आउरा निर्धास्त असते, आणि काटा हळूच दुसरीकडे झुकतो. फ्रीरेनने आयुष्यभर आपलं वजन लपवून ठेवलेलं असतं. आमची आई तेवढ्यात जपमाळ घेऊन बाहेर आली, मिनिटभर पडद्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण यांना नाकं का नाहीत?"

दुसऱ्या दिवशी रात्री माओमाओ. ही औषधं जाणणारी मुलगी, पळवून राजाच्या अंतःपुरात विकलेली. तिथे राण्यांची बाळं दगावत असतात आणि ती ओळखते, की दोष शापाचा नाही, तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीतल्या विषाचा आहे. बक्षीस म्हणून तिला नेमतात राणीच्या अन्नात विष आहे का ते चाखायला. एखादीने हंबरडा फोडला असता. हिचे डोळे लकाकतात, कारण हिला विषाचा षोक. बागेतल्या मेजवानीत ती सूपचा घोट घेते, गाल लाल होतात, चेहऱ्यावर समाधी लागते, आणि मग शांतपणे सांगते की यात विष आहे. हे बघताना माझ्या हातात बायकोने केलेल्या चकल्या होत्या, यंदा मोहन जरा चुकलेल्या. "कशा झाल्यात?" असं तिने विचारलं नेमकं त्याच क्षणी, आणि माझा चेहरा अजून माओमाओचा होता. दिवाळीचं बाकीचं वर्णन करत नाही.

गुप्तहेराच्या कुटुंबाची मालिका ठीक चाललीय. सध्या बोटीवर आहेत. बाप हेर, आई मारेकरी, मुलीला मनातलं ऐकू येतं, आणि तरीही घर आमच्यापेक्षा शांत आहे.

एका मालिकेचं नाव मात्र सईने यादीत घातलंच नव्हतं. मला ती आपसूक सापडली. नावाचा अर्थ साधारण असा: 'साहसवीर व्हायला राजधानीत गेलेली माझी मुलगी एस श्रेणीची झाली'. एस म्हणजे सगळ्यांत वरची. हल्ली तिकडे नावं अशीच लांब ठेवतात, नाव वाचलं की निम्मी गोष्ट हाती लागते. बाप एका पायाने अधू, खेड्यात राहतो. जंगलात सापडलेलं मूल त्याने वाढवलं. मुलगी शहरात जाऊन मोठी झाली आणि तिला एकच हवंय, सुट्टी काढून घरी जाऊन बाबांना भेटायचं. पाच वर्षं झाली. दर वेळी निघते, दर वेळी कुठेतरी राक्षस उपटतो आणि कचेरीतून बोलावणं येतं. रजा रद्द. सई पुढच्या वर्षी पुण्याला किंवा आणखी लांब जाईल. चित्रं बेताची आहेत, गोष्ट संथ आहे. सई विचारेल तर 'ड्रॉप केली' असं सांगायचं ठरवलंय. मी एकही एपिसोड चुकवलेला नाही.

आणि आता नानामी. 'जुजुत्सु कायसेन' जुलैपासून सुरू आहे, म्हणजे ते माझ्याकडे जुन्या येणेबाकीसारखं आलं. त्यासाठी आधीचा सगळा सीझन मी सुट्ट्यांत निकालात काढला. गोष्ट शापांशी लढणाऱ्या पोरांची, पण त्यात केंतो नानामी नावाचा एक मोठा माणूस आहे. सूट, ठिपक्यांचा टाय, हातात घड्याळ. आधी शेअर-रोख्यांच्या कंपनीत चार वर्षं नोकरी केली, मग कंटाळून पुन्हा शाप मारायला लागला, कारण त्याच्या मते दोन्ही कामं सारखीच भिकार. समोरचं काहीही तो सातास तीन या प्रमाणात विभागतो आणि बरोबर त्या बिंदूवर वार करतो. सहा वाजले की सुटी. सहानंतर थांबावं लागलं तर त्याची शक्ती वाढते, कारण त्याने स्वतःवर तशी अटच घालून घेतली आहे. माझी सहानंतर घटते. एवढा एक मुद्दा सोडला तर मला आरशात बघितल्यासारखं झालं. मी कपाटातला ठिपक्यांचा टाय शोधून काढला. शाखेत शिपायाने विचारलं, "साहेब, बढती?"

ऑक्टोबरात एका रविवारी मी सईला म्हणालो, "तो नानामी फार चांगला माणूस आहे गं." तिने ताटातून मान वर केली नाही. "बाबा, त्याच्यात फार गुंतू नकोस." मला वाटलं, माझ्या ब्लडप्रेशरची काळजी.

मालिकेत सध्या शिबुया स्टेशनातली एक रात्र चालू आहे, ३१ ऑक्टोबर २०१८ ची. ही एक रात्र सप्टेंबरपासून चाललीय. दर गुरुवारी तिकडे ११ वाजून ५६ मिनिटांनी. बारा का नाही वाजू देत, देव जाणे.

१९ नोव्हेंबरला वर्ल्ड कपच्या फायनलला अहमदाबादला काय झालं ते सांगत बसत नाही. चार दिवस शाखेत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मग २३ तारीख आली, कार्तिकी एकादशी. घरात साबुदाणा खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. आईने टीव्हीवर पंढरपूरची पूजा बघून घेतली होती. रात्री सगळे झोपल्यावर मी इअरफोन लावून बसलो.

नानामी अर्धा जळालेला आहे. सहा कधीच वाजून गेलेत. तरी स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरतोय आणि मनाने मलेशियात आहे. कुआंतानला समुद्रकाठी घर बांधायचं आणि घेऊन ठेवलेली, वाचायची राहिलेली पुस्तकं एकेक करून वाचायची, असा त्याचा बेत. माझ्याकडे अशी दोन पेट्या पुस्तकं आहेत. मग अंगावर एक हात पडतो. समोर त्याच्या हाताखालचं पोरगं उभं असतं. तो त्याला एका ओळीत चार्ज देतो आणि संपतो.

मी बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसलो. बायको पाण्यासाठी उठली होती. "काय झालं?" मी म्हटलं, "ऑफिसमधला एक गेला." खोटं नव्हतं. "अरे देवा! कोण?" "तुला माहीत नाही. जपानचा." ती काही न बोलता पाणी पिऊन झोपायला गेली.

सकाळी सई डायनिंग टेबलावर इंटिग्रेशन घेऊन बसली होती. मी टाय न घालता आलो. तिने बघितलं.

"काल गुरुवार होता ना. नानामी कसा आहे?"

तेवीस वर्षांत ग्राहकांना कितीतरी वाईट बातम्या गोल फिरवून सांगितल्या आहेत. तोंड आपोआप कामाला लागलं.

"रजेवर आहे."

"कुठे?"

"मलेशियाला."

तिची पेन्सिल थांबली. थोडा वेळ ती नुसती कागदाकडे बघत राहिली.

"बाबा, मी त्याचा मंगा, म्हणजे मूळ कॉमिक, केव्हाच वाचलाय. दहावीतच. मला माहितेय."

"मग ऑक्टोबरातच का नाही सांगितलंस मला?"

"स्पॉयलर," सई म्हणाली आणि पुढचं गणित घेतलं.