कमरेला काहीतरी हवं

तुमचं दोन मजली घर आहे, दारात पांढरी गाडी आहे, मनगटात जाड ब्रेसलेट आहे आणि वाढदिवसाला चौकात फ्लेक्सही लागतो. तरी लोक तुम्हाला 'शेठ' म्हणतात, 'भाऊ' कोणी म्हणत नाही. कारण उघड आहे. शर्ट वर सरकला की इतरांचं काहीतरी दिसतं, तुमचं नुसतं पोट दिसतं. तेव्हा आता वेळ न घालवता शस्त्रपरवान्याच्या मागे लागा.

पहिली अडचण धोक्याची येईल. अमेरिकेतल्या माणसाला बंदूक हा राज्यघटनेने दिलेला हक्क वाटतो. आपल्याकडे १९५९चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्याच्या लेखी बंदूक ही सरकारने दिली तर मिळणारी गोष्ट आहे. वय २१ पूर्ण पाहिजे, आणि ती का हवी हे पटवून द्यावं लागतं. 'जिवाला धोका' हे कारण सर्वांत चालणारं, पण तुमच्यासारख्या गोड माणसाच्या जिवावर कोण उठणार? म्हणून चुलत भावाशी बांधावरून वाद असेल तर कागद हातात पडेपर्यंत मिटवू नका. भाऊबंदकीचा उपयोग व्हायचा तो अशाच वेळी होतो. नसेल वाद, तर एखादा प्लॉट वादातला घ्या. मात्र स्वतःच्याच गाडीवर भाड्याच्या पोरांकडून गोळ्या झाडून घ्यायच्या भानगडीत पडू नका. ती युक्ती जुनी झाली, पोलीस दोन दिवसांत उकलतात.

दुसरी बाजूही सांभाळायची आहे. तुम्हाला शत्रू भरपूर हवेत, पण तुमच्यावर गुन्हा एकही नको. म्हणजे सगळी भांडणं समोरच्याने केलेली असली पाहिजेत आणि तुम्ही त्या काळात फक्त देवदर्शन केलेलं असलं पाहिजे. पोलीस ठाण्यातून अहवाल जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी होते, डॉक्टरचा दाखला लागतो, बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा कागद लागतो. मग फाइल आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन निवांत बसते. तिला उठवायला कोण लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या फ्लेक्सवर त्यांचाच फोटो सर्वांत मोठा असतो.

इतर राज्यांनी हे काम किती सोपं केलं होतं ते पाहिलं की हेवा वाटतो. मध्य प्रदेशात शिवपुरीच्या प्रशासनाने २००८ मध्ये नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना देण्यात प्राधान्य देऊ केलं होतं. एका ठिकाणी गेलेली मर्दानगी दुसऱ्या ठिकाणी भरून द्यायची, इतका मानसशास्त्रीय विचार सरकारी योजनेत एरवी दिसत नाही. पंजाबात फिरोजपूरला २०१९ मध्ये अर्जदाराने दहा झाडं लावून त्यांच्यासोबत सेल्फी द्यायचा अशी अट निघाली. आपण या बाबतीत मागासलेले. २०१६ अखेरच्या केंद्रीय आकडेवारीत उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार परवाने होते, महाराष्ट्रात जेमतेम ८४ हजार. पुरोगामी म्हणवून घेण्याची ही किंमत.

परवाना मिळाला की कोणती वस्तू घ्यायची हा प्रश्न. नऊ एमएम सिनेमात छान दिसते, पण ते सैन्य-पोलिसांचं बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य माणसाला बंद. तुमच्या नशिबात पॉइंट बत्तीस. १९८०च्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाली, त्यामुळे कोणाच्या आजोबांची जुनी इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हर बाजारात आली तर तिची किंमत ऐकून गोळी न लागताच माणूस आडवा होतो. घरात बाईमाणूस असेल तर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी काढलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर पाहा. टायटॅनियमचं, वजन अर्धा किलो, आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. ते दागिन्याच्या मरून पेटीत घालून मिळायचं. रात्री शेवटच्या बसने घरी जाणाऱ्या नर्सबाईंसाठी याहून परवडणारा उपाय सरकारला सुचला नसता.

आता खरा आनंद, म्हणजे मिरवणं. इथे परवान्याच्या मागची बारीक अक्षरं वाचू नयेत असा माझा सल्ला आहे. त्यात लिहिलेलं असतं की शस्त्र जत्रेत न्यायचं नाही, धार्मिक मिरवणुकीत न्यायचं नाही, सार्वजनिक सभेत न्यायचं नाही, शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. एवढं सगळं सोडलं तर माणसं भेटतात कुठे? मग ती दाखवायची कोणाला, फ्रीजला? म्हणून लोक मोबाईलकडे वळतात. बुलेटवर बसून, गॉगल लावून, मागे दमदार गाणं टाकून रील करायचं. पोलिसांचा सायबर विभागही रील्स बघतो हे लक्षात असू द्या. तुमचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक तोच. पंजाब सरकारने तर २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर शस्त्रं मिरवायला आणि बंदुकीचा उदोउदो करणाऱ्या गाण्यांनाच बंदी घातली.

लग्नात मात्र हात शिवशिवणारच. नवरदेव घोड्यावर, डीजे रंगात, आणि तुमच्या पोटात दोन पेग. अशा वेळी हवेत एक बार काढला नाही तर मुलीकडच्यांना आपण कोण आहोत हे कसं कळणार? वर गेलेली गोळी खाली येते वगैरे न्यूटनच्या काळातल्या गोष्टी आहेत, आणि न्यूटन इंग्रज होता. फक्त २०१९च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला कायद्यात स्वतंत्र जागा दिली आहे: कोणाच्या जिवाला धोका होईल असं वागलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम डीजेच्या बिलाशेजारी ठेवली तर काही फार नाही. कैदेचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मांडवाशेजारच्या गच्चीवर उभ्या असलेल्या पोरांचं कोणी बघायचं, हे कायद्याला कळतं. वरातीत कोणाला विचारू नका, हिरमोड होतो.

त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. आधी सरकारला एकच ठेवायचं होतं. पण दोन हात असलेल्या नागरिकाची भावना संसदेने समजून घेतली.

सगळ्यात जास्त धीर धरावा लागतो तो निवडणुकीत. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, शस्त्र जमा करा. छाननी समिती असते, बँकेच्या रखवालदारांना आणि नेमबाजीच्या खेळाडूंना सवलत असते, तुम्हाला बहुधा नसते. म्हणजे गावात पैसे, दारू आणि पोरं जेव्हा सर्वांत जास्त फिरतात, नेमक्या त्या महिन्यात तुमच्या जिवाचा धोका सरकारी कपाटात जाऊन झोपतो. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असा हंगाम लागोपाठ आला तर बंदुकीचा मुक्काम तुमच्यापेक्षा पोलिसांकडेच जास्त. तुम्हाला त्याने फरक पडत नाही, पण कोकणात पडतो. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जुन्या बारा बोअरच्या बंदुका असतात, त्या माकडं आणि रानडुकरं हाकायला. शेतकरी बिचारा बंदूक ठाण्यात ठेवून येतो, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते. या परवान्यांचा रुबाब कोणी करत नाही, रीलही काढत नाही. त्यामुळे ते आपल्या चर्चेत बसत नाहीत, पुढे जाऊ.

ठाण्यात शस्त्र सुरक्षित राहतं हे खरं. माणसाचं तसं सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्येच गोळीबार झाला आणि एका आमदाराला अटक झाली. सुसंस्कृत लोकप्रतिनिधी वाद मिटवायला पोलिसांकडेच जातात, हे तरी त्यातून दिसलं.

कोणी शहाणा विचारेल, हे सगळं कशाला? त्याच्या तोंडावर गांधीजी मारा. ब्रिटिशांच्या काळ्या कृत्यांमध्ये एका अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, असं ते १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात लिहून गेलेत. एरवी तुम्ही त्यांचं नाव नोटेपुरतंच घेता, पण इथे ते कामाला येतात.

घरात ती आल्यावर मात्र तुमची झोप जाईल. कपाटाला नवं कुलूप, कुलपाची किल्ली बायकोकडे, काडतुसं वेगळ्या खणात, त्या खणाची किल्ली तुमच्या जानव्याला नाहीतर गळ्यातल्या चेनला. चोर खिडकीतून आत आला तर त्याला पाच मिनिटं सोफ्यावर बसवून चहा द्यावा लागेल. नातू सुट्टीला आला की सगळी जागा पुन्हा बदलायची. गावाला जायचं तर तिजोरीची काळजी नाही, हिची. आजवर तुम्हाला कोणी लुटायला आलं नव्हतं. आता घरात चोरण्याजोगी एक वस्तू आहे आणि ती अख्ख्या गल्लीला माहीत आहे, कारण दाखवली तुम्हीच. ती वापरायची वेळ वर्षातून एकदाच येईल, खंडेनवमीला. झेंडूचं फूल, हळदकुंकू, एक फोटो, आणि परत कपाटात.

सत्तरी गाठलीत, किंवा पंचवीस वर्षं ती बाळगलीत, की नियमाप्रमाणे ती वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करता येतो. मुलाला विचारून बघा. तो पुण्यात आयटीत आहे, घरात लहान मूल आहे, सोसायटीत फटाक्यांवरून सुद्धा नोटीस येते. तो म्हणेल, बाबा, ते तिकडेच राहू दे. मग तुम्ही विकायला काढाल. देशी बत्तीसला गिऱ्हाईक मिळेल, पण त्याच्याकडेही परवाना लागतो, आणि त्याला अजून शत्रू मिळालेला नसतो. तोवर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पाच वर्षांनी येते, त्यामुळे विसरते. विसरलात तर आयुष्यभर सभ्यपणे वागलेल्या तुमच्या घरात, दुसऱ्या दिवशी सकाळपासून, एक बेकायदा शस्त्र सापडेल.