कडता आणि कावळा

आमच्या गावात ‘आयकर’ हा शब्द एकटा कधी येत नाही. तो ‘धाड’ या शब्दाला सोबत घेऊनच येतो. त्यामुळे यंदा आपल्याला आयकराचे विवरणपत्र भरायचे आहे असे मी पानठेल्यावर बोलून गेलो, तेव्हा पानाला चुना लावणारा हात जागीच थांबला आणि बाकावर बसलेल्या तिघांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू माझ्या घराच्या आढ्यात नोटांच्या गड्ड्या सापडल्या आहेत. संध्याकाळपर्यंत दोघांनी उसने पैसे मागितले आणि एकाने मुलीसाठी आमच्या मुलाची चौकशी केली, जो अजून बारावीत आहे.

आढ्यात गड्ड्या नाहीत, चिमणीचे घरटे आहे. वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पलीकडे, चार एकर कोरडवाहूसारख्याच ओलिताचा मी कास्तकार आहे. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि मधे तुरीच्या ओळी, एवढाच पसारा. मात्र कधीकाळी मराठीत एम.ए. केले होते आणि ते वाया गेले असे सर्वांचे एकमत झालेले असताना, चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने घरबसल्या भाषांतराचे काम मिळवून दिले. आमच्याकडे मोटारीला थ्री फेज लाईन बहुधा रात्रीच येते. वावरात जाऊन मोटार सुरू करायची, घरी परतायचे आणि ‘हे उपकरण अखंड वीजपुरवठा असलेल्या जागीच ठेवावे’ यासारखी वाक्ये पहाटेपर्यंत मराठीत आणत बसायचे, असा माझा जोडधंदा आहे. फरशी आपोआप पुसणाऱ्या यंत्राची 84 पानी माहितीपुस्तिका मी शेणाने सारवलेल्या ओसरीत बसून मराठीत आणली आहे, आणि तिच्यात एकही चूक निघाली नाही.

या कामाचे पैसे दोन ठिकाणांहून येतात आणि दोन्हीकडून कापून येतात. 2024-25 या वर्षात पुण्याच्या कंपनीने 1,80,000 रुपयांवर 10 टक्के कापले, कारण तिच्या लेखी मी व्यावसायिक तज्ज्ञ आहे. हैदराबादच्या कंपनीने 60,000 रुपयांच्या एका बिलावर 1 टक्का कापला, कारण तिच्या लेखी मी ठेकेदार आहे. काम तेच, टेबल तेच, डोळ्यांची जळजळही तीच. आमच्या भागात ठेकेदार म्हणजे पांढरी गाडी, पांढरे बूट आणि दुसऱ्या पावसाळ्यात दिसेनासा होणारा रस्ता. मला ठेकेदार म्हटलेले कागदोपत्री पाहून सौभाग्यवतींना क्षणभर बरे वाटले, पण गाडी कुठे आहे, हा प्रश्न त्यांनी लगेच विचारला.

ही कापाकापी मला समजली ती कापसामुळे. व्यापाऱ्याकडे माल नेला की ओलावा, कचरा किंवा नुसते रिवाज म्हणून वजनात कडता कापतात, आणि कडता कापलेला कापूस परत मिळाल्याचे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेले नाही. आयकराचा कडता मात्र परत मिळतो, असे मुलाने मोबाईलवर पाहून सांगितले. नव्या करप्रणालीत त्या वर्षी 3 लाखांपर्यंत करच नव्हता आणि माझी एकूण जमा 2,40,000 होती, म्हणजे कापलेले 18,600 रुपये सगळेच्या सगळे माझे होते. अट एकच: मागावे लागतात, आणि मागण्याच्या अर्जाला विवरणपत्र म्हणतात.

मागण्याचा पहिला प्रयत्न मी आदल्या वर्षीच करून चुकलो होतो. तेव्हा एका सेवा केंद्रात गेलो होतो. तिथला मुलगा मोठा चपळ होता. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा आणि आयकर ही सगळी कामे तो एकाच खुर्चीवरून आणि एकाच चेहऱ्याने करीत असे. त्याला एकच फॉर्म ठाऊक होता, पहिल्या क्रमांकाचा, ज्याचे नाव ‘सहज’ आहे. जुन्या काळी गावोगाव फिरणारा डॉक्टर प्रत्येक आजारावर एकच इंजेक्शन देई, त्याच श्रद्धेने त्याने मला ‘सहज’ टोचला. त्या फॉर्मात धंद्याचे उत्पन्न दाखवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही चार महिन्यांनी आलेल्या ई-मेलवरून कळले. आपले विवरणपत्र दोषपूर्ण आहे, 15 दिवसांत दुरुस्त करावे. ‘दोषपूर्ण’ हा शब्द मी स्वतः अनेक माहितीपुस्तिकांत वापरला आहे. तो आपल्याला लागला की कसा झोंबतो, हे त्या रात्री समजले.

म्हणून या वेळी आर्वीला, नियमाने पाटी लावून बसलेल्या एका करसल्लागारांकडे गेलो. त्यांनी आधी मी नक्की काय करतो हे विचारले आणि कायद्यातील यादी वाचून दाखवली: वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुशिल्पी, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, घराची अंतर्गत सजावट करणारा. भाषांतरकार तीत नव्हता. संगणकावरची धंद्यांची यादी त्याहून लांब. तीत चहाचे मळे होते, कॉफी, रबर, रेशमाचे किडे आणि मधमाश्या होत्या, पण एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेणारा जीव काही लवकर सापडेना. शेवटी ‘इतर सेवा’ असे काहीसे गाठोडे मिळाले आणि त्यात मला बांधण्यात आले. मराठीची गंमत अशी, की बिझनेस आणि प्रोफेशन या दोहोंनाही आपण व्यवसायच म्हणतो आणि पुढे निघून जातो. कायदा मात्र या दोघांना वेगळे धरतो आणि प्रत्येकाचा नफा वेगळ्या मापाने मोजतो. छोट्या धंदेवाल्याने बँकेतून आलेल्या जमेच्या निदान 6 टक्के नफा दाखवला तर चालतो, यादीतल्या तज्ज्ञाने निदान निम्मा. सल्लागार म्हणाले, “निम्माच दाखवू जी. जास्त दाखवाले बंदी नाही, कर तर दोन्हीकडून शून्यच आहे, आणि मले रात्री झोप लागन.” एवढ्या नेकीने बोलणारा माणूस मला बाजार समितीतही भेटलेला नाही.

या सवलतीचा फॉर्म चौथ्या क्रमांकाचा, आणि त्याचे नाव ‘सुगम’. मी सुखावलो. तेवढ्यात त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “वावर आहे का तुमच्याकडे?”

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इंग्रजांनी 1860 साली आपल्याकडे आयकर आणला, पण 1886 च्या कायद्यात शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले, आणि ते आजतागायत वगळलेलेच आहे. मात्र कर नाही याचा अर्थ चौकशी नाही असा होत नाही. शेतीतून सुटलेले उत्पन्न 5,000 रुपयांच्या आत असेल तरच तुम्ही ‘सुगम’ला पात्र, त्याच्या वर गेलात की तीन नंबरचा फॉर्म, ज्याला नावसुद्धा दिलेले नाही. आणि तो पाहिल्यावर, का दिलेले नाही, हे कळते. पान खाली सरकवता सरकवता सल्लागारांचे बोट दुखले, ताळेबंदाचे रकाने संपेनात.

तेव्हा आम्ही त्यांच्या टेबलावर माझ्या पऱ्हाटीचा हिशेब मांडला. मी खिशातून डायरी काढली, जिच्यात खताच्या पावत्या, एका लग्नाची पत्रिका आणि वाळलेले कापसाचे पान असते. कापूस झाला 22 क्विंटल. हमीभाव 7,521 रुपये होता, पण तो लांब धाग्याच्या कापसाचा आणि ज्याला थांबता येते त्याचा. मी 7,000 ने दिला. आले 1,54,000. आता वजा: बियाण्यांची आठ पाकिटे, 864 रुपयांप्रमाणे 6,912. वेचणी, किलोला 10 रुपये, 22,000. मग नांगरणी, वखरणी, डवरणी, दोन निंदण, खताचे तीन हप्ते, आणि फवारण्या, ज्यांचा आकडा लिहिताना माझा हात थोडा थांबला. गुलाबी बोंडअळीवर मी त्या वर्षी पोटच्या पोरापेक्षा जास्त खर्च केला होता. सल्लागारांनी यंत्रावर बेरीज केली, वजाबाकी केली, पुन्हा एकदा केली आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “वा! 4,300 उरले. बसलं फॉर्मात!”

माझ्या शेतीच्या हिशेबाला ‘वा’ म्हणणारा पहिला माणूस मी पन्नाशीला टेकल्यावर भेटला. एक क्विंटल कापूस जरी जास्त पिकला असता तरी मी बिननावाच्या फॉर्मात जाऊन पडलो असतो. ज्या अळीला मी ऑक्टोबरभर शिव्या दिल्या, तिनेच मला सुगम मार्गाला लावले होते. घरी परतताना बसच्या खिडकीतून यंदाची पऱ्हाटी पाहिली, चांगली कमरेला लागली होती, आणि उगाच छातीत धस्स झाले.

घरी वेगळाच खटला उभा होता. बातमी बचत गटाच्या बैठकीत पोहोचली होती आणि तिथे ठरले होते, की ज्या घरात आयकर शिरतो त्या घरातून लाडकी बहीण बाहेर पडते. “तुम्ही भरा खुशाल,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पण माह्ये पंधराशे बंद झाले तं महिन्याच्या महिन्याले तुम्ही देजा.” मी समजावले, की विवरणपत्र भरणारा आणि कर भरणारा हे दोन वेगळे प्राणी आहेत, किसान सन्मानच्या 6,000 रुपयांनाही आडवा येतो तो कर भरणारा. त्यावर त्यांनी विचारले, “मंग अठरा हजार सहाशे कापले ते काय आहे?” कापले, पण तो कर नव्हे, कारण परत मिळणार. “मिळाले का?” नाही, अजून मागितले नाहीत. “म्हणजे आता या घडीले तुम्ही भरणारेच आहा ना?” एम.ए. मी असलो तरी आमच्या घरचे न्यायशास्त्र त्यांच्याकडे आहे.

मधल्या ‘ज्ञ’च्या प्रकरणावर मी फार लिहिणार नाही. माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे. पॅनकार्डावर तो डी-एन-वाय असा उतरला आहे आणि आधारच्या शिबिरात बसलेल्या मुलाने तो जी-वाय असा ऐकला. उच्चाराच्या दृष्टीने दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोन्ही कार्डे जोडायची मुदत 30 जून 2023 ला संपेपर्यंत मी या दोघांत समेट घडवू शकलो नाही, आणि तो नंतर 1,000 रुपये भरून घडवावा लागला. एका जोडाक्षराचा एवढा भाव भाषांतरात मला कधीही मिळालेला नाही.

तोवर एरवी 31 जुलैला संपणारी मुदत 2025 मध्ये 15 सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळाली होती. वाढवून मिळालेली मुदत आम्ही मंडळी शेवटच्या दिवसापर्यंत जपून ठेवतो. जुलैत डवरे चालू होते, ऑगस्टमध्ये पोळा आला, मग महालक्ष्म्या बसल्या. शेवटी 15 तारीखच उजाडली, आणि ती पितृपक्षात होती. घरी बाबांचे पान होते. सल्लागारांनी फॉर्म सकाळीच भरून दिला होता. उरली होती ती पडताळणी, जी केली नाही तर फॉर्म भरलाच नाही असे धरतात. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, आणि आमच्या घरी मोबाईलला रेंज येते ती फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळ, तीही पूर्वेकडे तोंड केल्यावर. लॅपटॉप खाली ओसरीत, कारण त्याची बॅटरी मेलेली आहे आणि वायर जिन्यापर्यंतच पोहोचते.

“वर चाललेच आहा तं कावळ्याचं पान घेऊन जा,” असे म्हणून सौभाग्यवतींनी माझ्या डाव्या हातात पत्रावळ दिली: वडे, खीर, कढी, गवारीची भाजी. उजव्या हातात मोबाईल. पत्रावळ कठड्यावर ठेवून मी टाकीजवळ उभा राहिलो. खालून मुलाने बटण दाबल्याचे ओरडून सांगितले. कावळा आला, अँटेनावर बसला, मान वाकडी करून त्याने पानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि स्वस्थ राहिला. ओटीपीही आला नाही. पुन्हा बटण, पुन्हा तेच. मी “काव काव” केले, मोबाईल आकाशाकडे धरला, टाकीवर एक पाय ठेवला. दोघेही ढिम्म. दुरून पाहणाऱ्याला मी नेमके कोणाला बोलावतो आहे, हे कळणे कठीण होते. काही वेळाने मलाही कळेना.

कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असे समजून तसा शब्द द्यावा लागतो. बाबा जन्मभर सरकारी कागदाला घाबरत आले. तहसीलचे पाकीट आले की ते आधी देवापुढे ठेवत आणि मग उघडत. मी हात जोडले, जमतील तितके, कारण एकात मोबाईल होता, आणि मोठ्याने म्हणालो, “बाबा, पुढच्या वर्षी जुलैतच भरीन.”

कावळा खाली उतरला आणि त्याने वडा उचलला. त्याच क्षणी हातातला मोबाईल वाजला. योगायोगच असणार, पण मला गलबलून आले. (मुदत त्याच रात्री आणखी एका दिवसाने वाढवली, हे मला दुसऱ्या दिवशी कळले, मी बाबांना दिलेला शब्द परत घेतलेला नाही.)

पुढे मात्र घाई होती, कारण त्या आकड्याचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ ही ओळ आधी वाचली, मग कठड्यावरून वाकून, छातीत हवा भरून, खाली ओसरीतल्या मुलाला ओरडून सांगितले: “चार! सात! शून्य! दोन! नऊ! सहा!”

“शिवला का?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“नऊ का सहा?” मुलाचा आवाज.

“आधी नऊ! मग सहा!” मी.

आळीतली दोन दारे उघडली. समोरच्या स्लॅबवर वडील माणसांचे पान ठेवायला आलेले काका हातातली पत्रावळ तशीच धरून थबकले, आणि आसपास कोणी नाही असे पाहून हलक्या आवाजात मला म्हणाले, “सट्टापट्टी आहे का जी? ओपन सांगितला का क्लोज?”