पांदणीवर पडलेलं बी

वावर आणि धुरा (म्हणजे बांध) यांतला फरक ज्याला लग्नानंतर सासऱ्याने समजावून सांगितला, त्या माणसाने शेतकऱ्यांपुढे बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर संदेश देऊ नये. हे मला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवतात त्या शाळेत, कोणी शिकवलं नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली यवतमाळात सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला गेली. इथेच राहिली असती तर प्राध्यापकांना जाता-येता एखादी तिफण तरी दिसली असती. मी पुण्यात ग्रीक शिकलो आणि पाळक म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आलो. ग्रीक येणारा गावात मी एकटा. शेती न येणाराही मीच एकटा.

जुलै महिना होता. पेरण्या झाल्या आणि पावसाने दडी मारली. अर्ध्या गावावर दुबार पेरणी आली. मला वाटलं, प्रसंगाला धरून वचन घ्यावं. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर (आमच्याकडे पांदणीवर) पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. सोपं आहे, मुद्दे आयतेच पाडलेले आहेत. शेवटी मंडळीला विचारायचं, ‘तुम्ही कोणती जमीन आहात?’ की वीस मिनिटांत आमेन.

शनिवारी चारला बसलो. सव्वाचारला तबलावाला पोरगा सांगायला आला की उद्या त्याच्याकडे फवारणी आहे. पाचला पेटी काढून पाहिली तर भात्यात उंदराने बिऱ्हाड केलेलं. बायको म्हणाली, “असू द्या, मंडळीची संख्या तरी वाढली.” सहाला एक मावशी आल्या. त्यांची शेळी अडली होती. शेळीसाठी प्रार्थना करावी की नाही यावर ग्रीकमध्ये काही वाचल्याचं आठवेना, म्हणून केली. (शेळीला दोन पाटी झाल्या. माझ्या इथल्या सेवेतलं हेच एक फळ सगळ्यांना मान्य आहे.) सातला लाईट गेले.

आठला आबाजी आले. आबाजी पंचकमिटीतले सर्वांत जुने. शेवटची प्रार्थना त्यांची असते, म्हणून ते आदल्या रात्री वचन विचारून जातात. मी मोबाईलच्या उजेडात दाखला वाचून दाखवला. आबाजींनी डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, “पाळकसाहेब, हा पेरणारा मालक होता का सालदार?”

“असं काही दिलेलं नाही.”

“सालदारच असंल. मालक असा पेरत नाही जी. कपाशीचं 475 ग्रॅमचं पाकीट 2025 च्या हंगामात 901 रुपयांले पडलं. अन् हा पांदणीवर बी सांडत चालला? याले ठेवला कोणं?”

मी सांगितलं की तिकडे तिफण नव्हती, बी हाताने फेकत. आधी पेरायचे आणि मग नांगरायचे, असंही बायबलचे काही भाष्यकार म्हणतात. हे मी जरा अभिमानाने सांगितलं, कारण संदेशातला अभ्यासाचा भाग तेवढाच होता.

“आधी पेरून मंग नांगरायचे?” आबाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बी मीच फेकलं होतं. “बरं. उतारी किती म्हणता?”

मार्काच्या शुभवर्तमानात तीस पट, साठ पट, शंभर पट आहे. मत्तयात उलटं, शंभरापासून खाली. लूक सरळ शंभर म्हणून मोकळा होतो.

“मत्तय जकातदार ना जी? तो वरूनच मोजन. अन् लूक डाक्टर. त्याले काय मालूम.”

चार वर्षं शुभवर्तमानांची तुलना शिकलो, पण हा उलगडा मला कोणत्याही ग्रंथात सापडला नव्हता. मी खूश झालो, आणि तिथेच चुकलो, कारण आबाजींनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या संदेशाच्या कागदामागे हिशेब सुरू झाला. सोयाबीन, एकरी 30 किलो बी. बरं साल असलं तर 8 क्विंटल. म्हणजे सव्वीस-सत्तावीस पट. “म्हणजे आपलं बरं साल त्याइच्या सगळ्यात कमीच्याही खाली.” गहू 40 किलो, 15 क्विंटल, साडेसदतीस पट. तूर 4 किलो, झाली तर 4 क्विंटल. “हे पाहा, शंभर! प्रभूनं तूर पेरली असंल.” मग कपाशी. दोन पाकिटं म्हणजे 950 ग्रॅम, कापूस 8 क्विंटल. भागाकार दोनदा केला. आठशे चाळीसच्या वर पट.

पेन्सिल थांबली. “शंभर पटीत तिथला माणूस खूश हाय. आठशे पटीत बी माहं कर्ज काऊन फिटत नाही पाळकसाहेब? हे हाय का त्यात कुठं?”

नव्हतं. मी कागद उलटा केला. आबाजी रुमाल झटकून उठले आणि दारात थांबून म्हणाले, “प्रभूले समजत होतं जी. सुताराच्या घरचा होता, नांगर-वखर हातून गेले असतीन. तुमचं वाईट वाटून रायलं.”

रात्री अकराला लाईट आले. मी पेरणाऱ्याला सालदार न ठरवता कसं बोलता येईल, ते लिहीत बसलो. बाराला पुन्हा गेले.

पाटीवर उपासना साडेदहाची आहे. अकराला बाया निंदणाची अर्धी पाळी टाकून आल्या. पेटी नव्हती, तबला नव्हता, खंजिरीवर गीत झालं. मी वचन वाचलं. आबाजींनी सकाळीच चहाच्या टपरीवर हिशेब सांगून टाकलेला असावा, कारण ‘तीस पट’ म्हणताच मागच्या बाकावर कोणीतरी ‘सोयाबीन’ म्हणालं.

खरा घोळ पुढे झाला. शहरातल्या मंडळीत ‘खडकाळ जमीन’ म्हटलं की लोक आपापल्या अंतःकरणात डोकावतात. इथे खडकाळ जमीन टेकडीखाली आहे, तिचा सातबारा आहे आणि तिचा मालक तिसऱ्या बाकावर बसतो. मी “काहींचं हृदय खडकाळ असतं” म्हणालो आणि सगळी मंडळी तिसऱ्या बाकाकडे वळली. सावरायला म्हणून घाईने काट्यांवर गेलो. “काही जमिनीत नको ते इतकं माजतं की पीक दिसेनासं होतं.” आता माना खजिनदारांकडे वळल्या. त्यांच्या वावरात तीन वर्षांपासून गाजरगवत आहे आणि अर्पणाची थैली त्यांच्याच हातात होती. पांदणीच्या जमिनीला तर मी हातच लावला नाही. पांदणीवर अतिक्रमण कोणाचं, यावरून गावात दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही आमच्याच मंडळीत.

‘तुम्ही कोणती जमीन आहात?’ हा प्रश्न कागदावर तसाच राहिला. नवव्या मिनिटाला आमेन म्हणालो. आजवरचा माझा सर्वांत लहान संदेश, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तीन जणांनी हात दाबून “मस्त झालं” म्हटलं.

मग आबाजींची प्रार्थना. त्यांनी पाऊस मागितला, तोही बेताचा. नंतर म्हणाले, “प्रभू, त्या पेरणाऱ्याले माफ कर, गरीब असंल. अन् आमच्या पाळकाले एक डाव तिफणीमागं चालव.” मंडळीचा आमेन इतका एकमुखी मी कधी ऐकला नव्हता.

बाहेर चपला घालताना आबाजींनी विचारलंच, “पुढच्या रविवारी कोणतं वचन?”

ठरवलं होतं द्राक्षमळ्यातल्या मजुरांचं. सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही सारखीच मजुरी. तोंड उघडलं, तेवढ्यात दिसलं की डावीकडे निंदणाला जाणाऱ्या बाया उभ्या आहेत आणि उजवीकडे त्यांना मजुरी देणारे. तोंड मिटलं. विचार करून म्हणालो, “स्तोत्र तेवीस. मेंढपाळ, मेंढरं, हिरवी कुरणं.”

यात कोणाचं काय जाणार!

तिसऱ्या बाकावरचे काका चप्पल हातात घेऊन परत आले. “मेंढरं म्हणता? मागच्या साली माह्या हरभऱ्यात शिरली होती ती कोणाची होती, ते पण सांगसान का?”