दोन चमचे, उपाशीपोटी

शॉवर तुंबला होता म्हणून पांढऱ्या व्हिनेगरची बाटली हवी होती. एवढंच. बोअरच्या पाण्यानं भोकांवर चुन्याची खपली धरते आणि ती व्हिनेगरमध्ये सुटते, हे मला ठाऊक होतं. त्यापलीकडे व्हिनेगरबद्दल कुणाकडून काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

खडेबाजारातल्या नेहमीच्या दुकानात संध्याकाळची गर्दी. दुकानदारानं बाटली काढता काढता विचारलं, "गोबीचा गाडा घातलाय काय ओ?" बेळगावात पांढरं व्हिनेगर घेणारा माणूस एक तर गोबी मंचुरियन विकतो, नाहीतर घरी करून बघतो, तिसरी जात अजून कुणी पाहिलेली नाही. (2024 च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं गोबीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. व्हिनेगर तेवढं शाबूत राहिलं.) मी म्हटलं, "नाही हो, शॉवरला." शेजारी शेंगदाणे तोलून घेणारे एक काका वळले.

पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर रिटायर्ड माणसाची ती भयंकर सवड. त्यांनी बाटली सरळ माझ्या हातातून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं.

"सिंथेटिक लिहिलंय बघा. हे अ‍ॅसिडात पाणी घालून करतात."

"शॉवरला चालतं."

"शॉवरला चालंल ओ. तुम्हाला नाही चालायचं."

"मी पिणार नाहीये."

"प्यायला पायजे," काका म्हणाले आणि माझ्या पोटाकडे बघितलं. नुसतं बघितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्यांनी तर्जनीनं दाबून बघितलं, आंबा पिकलाय का बघतात तसं. "सफरचंदाचं घ्या. दोन चमचे, उपाशीपोटी, कोमट पाण्यातून. माझ्या मेव्हण्याचं असंच होतं. तुमच्यापेक्षा जरा कमीच."

मागे आमच्या गल्लीतल्या एक काकू रव्याची पुडी धरून उभ्या होत्या. त्या पुढे सरकल्या. ऐकू यावं म्हणून.

"वजन किती असंल?" काकांनी विचारलं. मला नव्हे, दुकानदाराला. त्यानं, रोज तांदळाची पोती उतरवून घेणाऱ्या माणसाच्या अधिकारानं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नव्वद."

"ब्याण्णव," काका म्हणाले.

बरोबर कोण होतं ते मी सांगणार नाही.

काकूंना वेगळीच शंका. "ते दारूपासून करतात म्हणे, खरं काय ओ?"

"दारू बिघडली की होतं," काका म्हणाले. "बिघडलेलं चांगलं. गोव्यात माडीचं करतात, ते खरं व्हिनेगर." हे मात्र त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. दारूला हवा लागली की जिवाणू तिचं आम्ल करतात, हे लुई पाश्चरनं 1864 मध्ये दाखवून दिलं. आणि घाट उतरून गोव्यात गेलं की विंदालू काय, सोरपोतेल काय, माडीच्या व्हिनेगरशिवाय पान हलत नाही. आमच्याकडे त्याला कधी थाराच नव्हता. आमटीत चिंच, सारात आमसूल, कढीला ताक. आजीच्या फडताळात तीन प्रकारची आंबट होती आणि त्यातलं एकही कुणाच्या पोटाला बोट लावत नव्हतं.

तोवर काका इतिहासात शिरले होते. "तो हत्तीवाला नव्हता काय, डोंगर फोडून गेलेला? कशानं फोडला? ह्यानं!"

हत्तीवाला म्हणजे हॅनिबल. इ.स.पू. 218 मध्ये तो आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. वाट अडवणारा खडक त्यानं आग लावून तापवला आणि वर व्हिनेगर ओतून फोडला, असं लिव्ही या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. त्याच्या आधीचा पॉलिबियस त्या वाटेनं स्वतः जाऊन आला होता. त्याच्या लिखाणात व्हिनेगरचा थेंबही नाही. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण काका आल्प्स उतरून चोर्ला घाटात पोचले होते. "दरड पडली की जेसीबीची वाट बघत बसतात. टँकर न्यायचा, ओतायचा, संपलं. पण सांगणार कोण?"

"हौद्री, हौद्री," तेलाचा डबा घेऊन उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला. सीमाभागात मराठी आणि कानडी माणसानं एकाच वाक्याला मान डोलवावी असे प्रसंग थोडे. त्यातला एक माझ्या पोटावरून सुरू झाला होता.

सुटताना काकांनी आणखी काय काय सांगितलं. शॉवरच्या व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घाला. त्यानंच ओटा पुसा, फरशी पुसा, केस धुवा.

घरी येऊन मी सूडबुद्धीनं वाचत बसलो. सफरचंदाच्या व्हिनेगरनं वजन उतरतं असं सांगणारा लेबनॉनमधला एक अभ्यास 2024 मध्ये फार गाजला होता. 2025 मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानंच मागे घेतला. रोज आम्ल पिऊन दातांवरचं एनॅमल झिजतं, ते वेगळंच. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस जोरदार येतो आणि दोघंही एकमेकांना संपवून टाकतात. खाली उरतं ते निरुपद्रवी खारट पाणी. आणि ओटा? आमचा ओटा कडप्प्याचा, मागच्या अंगणात शहाबादी. दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगर सांडलं की पॉलिश जाऊन पांढरट डाग पडतो, तो मरेपर्यंत निघत नाही. हे सगळं घेऊन पुन्हा दुकानात जावं आणि काकांना गाठावं असं फार वाटलं. पण मग त्यांनी बोट पुन्हा लावलं असतं.

एक गोष्ट मात्र वाचून बरं वाटलं. क्लिओपात्रानं अँटनीशी पैज लावून एक कोटी सेस्टर्सचा मोती व्हिनेगरमध्ये विरघळवला आणि पिऊन टाकला, असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आमच्या शॉवरची खपली म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. फरक एवढाच की तिनं पैज जिंकली आणि मला दुकानात कुणी पेय विचारलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती शॉवरला बांधली, रात्रभर बारीक बुडबुडे येत राहिले, सकाळी भोकं मोकळी. बाथरूमला ढाब्यावरच्या कांद्याचा वास, पण ते चालायचं.

मुळात शॉवर तुंबतो का, हे दुकानात एकानंही विचारलं नाही. राकसकोप आणि हिडकल अशी दोन धरणं ज्या शहरासाठी आहेत, तिथं माणूस बोअरच्या पाण्यानं अंघोळ का करतो? 2008 च्या सुमारास बेळगावच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. पलीकडच्या रस्त्यापर्यंत ते आलं, आमच्या रस्त्यापर्यंत यायला त्याला अजून वेळ आहे. जूनमध्ये इथं असा पाऊस लागतो की छत्री वाळत नाही, आणि घरात मात्र नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब करून बादल्या मांडायच्या. मधल्या दिवसांत बोअर. बोअरमुळे गीझरची कॉईल जाते, नळ जातात, बायकोचे केस जातात. माझ्या पोटाबद्दल अख्ख्या बाजाराला मत आहे. या पाण्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही. काकांकडे टँकरची योजना होती, पण तीही घाटासाठी.

काकूंनी मात्र आपलं काम चोख केलं. आमच्या हिला गाठून म्हणाल्या, "साहेबांनी बारीक व्हायचं मनावर घेतलंय म्हणे. चांगलंय की." हिनं मला काहीही विचारलं नाही. तिथंच मी ओळखायला हवं होतं. रविवारी मटण झालं. मुलांच्या वाट्या काठोकाठ. माझ्या वाटीत रस्सा आणि मोजून आलेल्या फोडी.

"हे काय?"

"कांदा घ्या की," ही म्हणाली आणि बाटलीत उरलेल्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कांद्याचं अख्खं पातेलं माझ्यासमोर सरकवलं.